लाइम रीजिसच्या मेजावर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस या गावी जीवाश्मांचा उत्सव भरतो, आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमची मंडळी तेथे हाताळण्यासाठी राखलेले अस्सल नमुने साध्या मेजावर मांडून, येईल त्याच्या हाती निःसंकोचपणे देतात. ते पाहून त्या संस्थेविषयी मला जो आदर वाटला, तो तिच्या भव्य इमारतीने कधी वाटला नव्हता.

मेजावर मऊ अस्तराचे तबक असते. दगड दोन्ही हातांनी, तबकावरच धरावयाचा, एवढीच ताकीद. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचा एक करडा गोळा तेथील बाईंनी एका लहान मुलीच्या तळहातावर ठेवला आणि नाव न सांगता फक्त भिंग पुढे केले. मुलीने दगड उजेडाकडे कलता केला, तेव्हा त्यात रुतलेले काळे, चकचकीत खवले तिला दिसले. ते माशाचे आहेत हे तिने ओळखले, मासा दगडात कसा गेला हेही तिनेच विचारले. आणि ही कोण्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची अश्मीभूत विष्ठा, हे ऐकूनही तिने हात मागे घेतला नाही.

याच गावच्या एका सुताराची मुलगी मेरी अ‍ॅनिंग (१७९९–१८४७) हिने इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्यांत, नेमके पोटाच्या जागी, असे गोळे पाहिले होते, आणि ते फोडता आत माशांची हाडे व खवले मिळतात हे हेरले होते. त्यांना कोप्रोलाइट हे नाव १८२९ मध्ये भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी दिले.

शेजारी लोक किनाऱ्यावर वेचलेले दगड दाखवावयास रांगेत उभे होते. कोणाचा अमोनाइट नावाचा जीवाश्म निघे, कोणाची निव्वळ गारगोटी. पण नकाराचा निकालही सकारण दिला जाई, आणि मला तर तेच खरे अध्यापन वाटले.

चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथेही अशीच अश्मीभूत विष्ठा मिळते. तिच्यात सापडलेल्या गवताच्या सूक्ष्म सिलिकाकणांवरून, डायनोसॉरांच्या काळीही गवत उगवत होते, हे २००५ मध्ये जगाला कळले. तो दगड त्याच जिल्ह्यातील शाळांच्या मुलांच्या हाती, भिंगासह आणि जाणत्या माणसाच्या सोबतीने द्यावा, अशी आमच्या संग्रहालयांच्या चालकांना माझी आग्रहाची विनंती आहे.