पेडल खाली का गेले?

आमच्या एका शिक्षक मित्राकडे त्याच्या वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी 2023 सालापर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती. मित्राची गाडी मात्र दोन वर्षे झाकून ठेवलेली होती. एका रविवारी आम्ही ती बाहेर काढली. फाटकाजवळ लहानसा उतार, आणि ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला! हँडब्रेकचा तेलाशी संबंध नसतो, म्हणून गाडी थांबली आणि समोर सायकल धरून उभा असलेला मुलगा बचावला. वापरलीच नाही ती वस्तू बिघडली कशी?

ब्रेकची रचना पास्कलचा नियम शिकवताना आपण फळ्यावर काढतो तशीच असते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो. तो दाब नळ्यांतून चाकांजवळच्या व्हील सिलिंडरांत पोहोचतो आणि तिथले दट्टे ब्रेक-शू ड्रमवर दाबतात. समजा, पायाने 20 किलोग्रॅम-भार लावला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट केला. मास्टर सिलिंडरचा व्यास 19 मि.मी. धरला, तर क्षेत्रफळ सुमारे 2.8 चौ.सें.मी. येते. म्हणजे तेलातला दाब दर चौ.सें.मी.ला सुमारे 35 किलोग्रॅम-भार. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या पंधरापटीहून अधिक!

एवढा दाब अडवते कोण? एक छोटीशी रबरी वाटी. तिची कड पातळ असते आणि तोंड दाबाच्या बाजूला. तेल जितके जोराने दाबेल, तितकी कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते. मात्र त्यासाठी भिंत आरशासारखी गुळगुळीत हवी.

इथेच पाणी घात करते. ब्रेक ऑइल हे नावाचेच तेल. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल-ईथर गटातल्या द्रवांचे बनते आणि हवेतली वाफ शोषून घेते. कोरडे डॉट-3 ऑइल 205 अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, अशी अट आहे. त्यात 3.7 टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की ही मर्यादा 140 अंशांवर येते. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये असे ऑइल उकळले, तर होणारी वाफ सहज दाबली जाते आणि पेडल खाली जाते. उभ्या गाडीत दुखणे वेगळे. व्हील सिलिंडरमधले ऑइल फिरत नाही, एकाच जागी राहते. त्यातल्या पाण्याने ओतीव लोखंडाला गंज चढतो, खड्डे पडतात आणि वाटीची कड त्यांवरून सरकली की ऑइल गळते.

मागचे ड्रम काढले, रबरी टोप्या उचलल्या, तर आत ओल. मित्र म्हणाला, “वाट्या बदलल्या की झालं ना?” मेकॅनिकने सिलिंडर पुसून नख फिरवायला सांगितले. नुसता डाग असेल तर बारीक घोटून जातो. नख अडकले तर नवी वाटीही गळणार. फार घोटले तर व्यास वाढतो आणि वाटी सैल पडते. तेव्हा सिलिंडर बदलायचा, किंवा तो मिळत नसेल तर आतून कातून पितळी अथवा स्टेनलेस स्टीलची नळी बसवून मूळ व्यास परत आणायचा. आमची दोन्ही सिलिंडरे बदलावी लागली.

नव्या वाट्या कुणीतरी धुवायला म्हणून रॉकेलमध्ये टाकत होते, मेकॅनिक ओरडलाच. ते बरोबर होते. रॉकेलने हे रबर फुगते. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असते, पाय उचलल्यावर त्यातून दाब सुटतो. फुगलेल्या वाटीने ते झाकले तर ब्रेक जाम! वर्गात सायकलच्या ट्यूबचा तुकडा रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा आणि आधी व नंतर लांबी मोजा. वाट्या धुवायच्या त्या स्वच्छ ब्रेक ऑइलनेच.

शेवटचे काम हवा काढण्याचे. दोन सिरिंज नळीने जोडून पाणी भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच सरकतो. नळीत मोठा बुडबुडा सोडला तर आधी तोच आक्रसतो. म्हणूनच हवा काढायचे निपल सिलिंडरच्या वरच्या बाजूला असते. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने निपल सोडून पुन्हा आवळायचे, आणि मगच पाय उचलायचा.

इथे आमची चूक झाली. उत्साहाच्या भरात आम्ही पेडल पार तळापर्यंत दाबत राहिलो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरची जुनी वाटी जिथवर कधी जात नाही, त्या गंजलेल्या भागावर ती घासली. काम संपल्यावर पेडल एक मिनिट दाबून धरले, तर ते हळूहळू खाली सरकू लागले. बाहेर एक थेंबही नव्हता. गळती वाटीच्या कडेवरून आतल्या आत होती. पुढच्या रविवारी मास्टर सिलिंडर उघडला, आणि या वेळी हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला.