दर दीडशे मीटरला एक अंश

चेन्नईच्या हवामान-नोंदींत आजवरचं सर्वांत कमी तापमान १३.९ अंश सेल्सिअस आहे. १८९५च्या डिसेंबरात आणि १९०५च्या जानेवारीत पारा एवढा खाली उतरला होता. तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं या शहराने तशी पहाट पाहिलेली नाही. (तरी डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळी या तमिळ महिन्यात २१ अंशांना इथे माकडटोप्या बाहेर निघतात, तो भाग वेगळा.) आता उटीकडे वळा. दिवस-रात्र, उन्हाळा-हिवाळा सगळं एकत्र करून तिथल्या वर्षभराच्या तापमानाची सरासरी काढली, तर ती १५ अंशांच्या आसपास येते. चेन्नईच्या इतिहासातली सर्वांत कडाक्याची पहाट जवळपास उटीकरांच्या वर्षभराच्या सरासरीएवढीच.

त्यात उटी चेन्नईच्या उत्तरेलाही नाही. चेन्नई १३ अंश अक्षांशावर, उटी ११.४ वर. म्हणजे चेन्नईहून उटीला जाणारा माणूस विषुववृत्ताच्या जवळजवळ १८० किलोमीटर आणखी जवळ जातो आणि तिथे स्वेटर घालतो.

सपाटीवरूनच चालत राहून १५ अंश सरासरीचं गाव गाठायचं ठरवलं, तर साधारण रोमपर्यंत उत्तरेला सरकावं लागेल. रोम ४२ अक्षांशावर आहे. उटीच्या अक्षांशापासून तिथवर उत्तर दिशेने अंतर भरतं सुमारे ३,४०० किलोमीटर. तेवढाच गारवा उंचीत मोजला तर लागतात फक्त सव्वादोन किलोमीटर. भागाकार करून पाहा: एक मीटर वर चढणं म्हणजे दीड किलोमीटर उत्तरेला जाणं. तीन मीटरचा एक मजला चढलात की साडेचार किलोमीटर युरोपकडे सरकलात!

कारण अगदी साधं आहे. वर जाणाऱ्या हवेवरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरताना निवते. सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश, म्हणजे दर १५४ मीटरला एक अंश. उटीला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश उरतो, त्यामुळे पाणी ९२-९३ अंशांवरच उकळतं. तिथे चहा लवकर उकळतो. तुरीच्या डाळीला मात्र कुकरशिवाय गत्यंतर नाही.

मे महिन्यात, अग्नि नक्षत्रम म्हणजे तामिळनाडूतले कडक उन्हाचे दिवस चालू असताना, चेन्नईचा माणूस हे गणित प्रत्यक्ष अंगावर घेतो. ३१ मे २००३ला या शहरात ४५ अंशांची नोंद झाली होती. असल्या दिवसांत सेंट्रलवरून रात्री सुटणाऱ्या नीलगिरी एक्सप्रेसचं तिकीट मिळायला नशीब लागतं. ही गाडी रात्रभरात ५३० किलोमीटर धावते आणि समुद्रकाठावरून उंची गाठते फक्त ३२६ मीटर. सकाळी मेट्टुपाळयमला उतरून डोंगरी गाडीत बसलं की पुढच्या ४६ किलोमीटरमध्ये चढ आहे १,८७७ मीटरचा. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक समुद्रातून चढून वर आणखी २३१ मीटर, आणि तेही बाकावर बसल्या बसल्या.

कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात दर साडेबारा मीटरला एक मीटर चढ आहे. आपली माथेरानची गाडी वीसला एक हा चढ नुसत्या चाकांच्या घर्षणावर निभावते. इथे ते जमत नाही. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकून गाडी वर ढकलतं. सबंध वाटेत १६ बोगदे, २५० पूल, २०८ वळणं. सरासरी काढली तर दर १८४ मीटरला एक पूल आणि दर २२० मीटरला एक वळण. रेल्वेची कल्पना पहिल्यांदा १८५४ साली मांडली गेली, कुन्नूरपर्यंत गाडी पोचली १८९९मध्ये, उटीपर्यंत १९०८मध्ये. ४६ किलोमीटरसाठी ५४ वर्षं! गाडी स्वतः हे अंतर कापायला पावणेपाच तासांच्या आसपास घेते. ताशी दहा किलोमीटर म्हणजे सायकलवाला पुढे निघून जाईल, पण या संथपणात तासाला अडीच अंश तापमान उतरत जातं.

उटीची वनस्पती-बाग या सगळ्याच्या आधीची. १८४७मध्ये उटीतल्या युरोपियनांनी माणशी महिना तीन रुपये वर्गणी काढली, ती भाजीसाठी. परवडणाऱ्या भावात कोबी-गाजर मिळावं एवढीच त्यांची आकांक्षा होती. पुढच्या वर्षी विल्यम ग्रॅहम मॅकआयव्हर नावाचा माळी आला आणि दलदलीच्या, झाडोऱ्याच्या त्या उताराची त्याने वनस्पती-उद्यानात मांडणी केली. आज ही बाग २२ हेक्टर, म्हणजे सुमारे ५५ एकर आहे. चेन्नईच्या कॅथेड्रल रस्त्यावरच्या सेम्मोळि पूंगा या उद्यानाच्या पावणेतीन पट. क्षेत्रफळात अचंबा वाटण्यासारखं काही नाही. अचंबा आहे तो तिथे काय जगतं याचा.

रोमला थंडी असते, पण हिवाळ्यात दिवसही आखडतो. उटीला वर्षभर गारवा, आणि सूर्य मात्र उष्ण कटिबंधातला. डिसेंबरातही दिवस साडेअकरा तासांचा. असं हवामान पृथ्वीवर मोजक्याच डोंगरमाथ्यांवर मिळतं. म्हणूनच अँडीज पर्वतातला सिंकोना इथे रुजला. १८६०च्या दशकात मॅकआयव्हरने त्याची लागवड बागेमागच्या दोड्डबेट्टा शिखराच्या उतारांवर केली, आणि साल सोललेल्या खोडाला ओलं शेवाळ गुंडाळून नवी साल आणण्याची युक्तीही काढली; त्या सालीतून मलेरियावरचं क्विनाइन निघायचं. त्याच काळात आपल्याकडे महाबळेश्वरच्या लिंगमळ्यालाही सिंकोना लावून पाहिला होता. तो जगला नाही. महाबळेश्वरची उंची १,३५३ मीटर, आणि पाऊस उटीच्या चौपटीहून जास्त.

बागेत एका झाडाचं खोड आडवं ठेवलेलं आहे. त्याचा दगड झालेला आहे आणि वय सांगितलं जातं दोन कोटी वर्षं. लोक त्यापाशी फोटो काढतात आणि पुढे जातात. माझ्या मते बागेतली सर्वांत जास्त वेळ थांबण्याची जागा तीच. पण तेही पोरसवदाच म्हणायचं, कारण खालच्या नीलगिरीचा खडक, चार्नोकाइट, सुमारे अडीच अब्ज वर्षांचा आहे. खडकाचं आयुष्य चोवीस तासांचं धरलं, तर ते झाड रात्री ११ वाजून ४८ मिनिटांनी उगवलं. आणि मॅकआयव्हरची बाग? मध्यरात्रीला सहा सहस्रांश सेकंद उरले असताना.

दुसऱ्या टोकाला नीलगिरीतलं नीलकुरिंजीचं झुडूप. बारा वर्षांतून एकदा फुलतं. २०१८ला फुललं, आता पाळी २०३०ची. त्या हिशेबाने उभी राहिल्यापासून बागेने जेमतेम पंधरा बहर पाहिलेत.

माणसांना मात्र एवढा धीर नाही. २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनुसार हंगामात नीलगिरीत दिवसाला सरासरी वीस हजार वाहनं चढत होती. एक वाहन साडेचार मीटरचं धरा आणि एकामागे एक लावा: रांग ९० किलोमीटरची, डोंगरी रेल्वेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची. न्यायालयाने ७ मे २०२४पासून ई-पास सक्तीचा केला आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी मर्यादा घातली: रोज सहा हजार, शनिवार-रविवारी आठ हजार. रांग उरली २७ ते ३६ किलोमीटरची. तीही उटीपासून कुन्नूर ओलांडून बरीच खाली जाते.

त्याच २०२४च्या २९ एप्रिलला उटीत २९ अंश नोंदले गेले. १९५१पासूनच्या नोंदींतला हा उच्चांक, नेहमीपेक्षा पाच अंशांहून अधिक. एका दिवसाचा आकडा हवामानबदल ठरवत नाही हे खरं. पण सुरुवातीचं गणित उलट लावून पाहता येतं: सरासरी एक अंशाने वाढली की तोच गारवा हवा असणाऱ्या झाडाला १५४ मीटर वर सरकावं लागतं. बागेचा पायथा सुमारे २,२५० मीटरवर आहे आणि तिच्यामागचा दोड्डबेट्टा, नीलगिरीचं सर्वोच्च शिखर, २,६३७ मीटरवर संपतं. मधे उरतात ३८७ मीटर, म्हणजे अडीच अंश.