वरदविनायकाच्या वाटेवर

माघ शुद्ध चतुर्थी जवळ आली, की बोरघाटाच्या पायथ्याचा सारा परिसर गणेशजयंतीच्या उत्सवाने गजबजून जातो. खालापूर तालुक्यातील महड क्षेत्री श्रीवरदविनायकाच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू येतात. पहाटेच्या थंडीत शुचिर्भूत होऊन दूर्वांची जुडी हाती धरलेल्या सुवासिनी, आजोबांचे बोट धरून आलेली मुले, आदल्या रात्रीच घरून निघालेली वृद्ध मंडळी यांच्या त्या मेळ्यात आम्हां कीर्तनकारांचीही एक जागा परंपरेने राखलेली असते. आमचे बिऱ्हाड पालीस, बल्लाळेश्वराच्या छायेत. तेथून महडास जाणे म्हणजे एका विनायकाचा निरोप घेऊन दुसऱ्याच्या अंगणी जाणे होय. चाळीस वर्षे आम्ही ही वाट तुडवीत आहोत. प्रथम वडिलांच्या मागे झांजा वाजवीत गेलो, पुढे स्वतःच्या खांद्यावर उपरणे घेऊन.

महडचे देऊळ दर्शनी साधे आहे. परंपरा सांगते, की येथील मूर्ती १६९० मध्ये देवळालगतच्या तळ्यात सापडली आणि १७२५ मध्ये कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी हे मंदिर बांधविले. गाभाऱ्यातील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचे सांगतात. भाविकाने गाभाऱ्यात जाऊन स्वहस्ते पूजा करावी, ही येथील प्रथा प्रसिद्ध आहे. देव आणि भक्त यांच्यामध्ये उंबऱ्याचेही अंतर नको, हा या क्षेत्राचा स्वभाव आहे. कीर्तनाचाही स्वभाव तोच. म्हणूनच या स्थानी उभे राहिले असता आमच्या व्यवसायाविषयी, विशेषतः त्यातील प्रवासाविषयी, चार शब्द सांगावेसे वाटतात.

शाप की वर?

नारद हा आम्हां कीर्तनकारांचा आद्य गुरू. आम्ही ज्या जागी उभे राहतो, तिला नारदाची गादी म्हणतात. भागवतात कथा आहे, की दक्षप्रजापतीच्या पुत्रांना नारदांनी वैराग्याचा उपदेश केला. संतापलेल्या दक्षाने त्यांस शाप दिला, की तुला तिन्ही लोकी कोठेच स्थिर ठाव मिळणार नाही. नारदांनी तो शाप शांतपणे स्वीकारला. आमच्या मते त्या शापातूनच कीर्तनकलेस पाय फुटले. वक्ता एका जागी बसता, तर त्याची विद्या त्याच्याच ओसरीवर जीर्ण झाली असती.

या फिरण्याने काय साधते, याचे एक उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर हे मराठी कीर्तनकार दक्षिणेत तंजावरास गेले. मराठी राजवंशाच्या त्या नगरीत त्यांची कीर्तने झाली आणि तेथील कृष्ण भागवतर यांनी त्या पद्धतीचे मर्म उचलून तमिळ हरिकथेस नवे रूप दिले. आपल्या साक्या, दिंड्या, ओव्या तेव्हापासून दक्षिणेत नांदू लागल्या. आजही तेथील हरिकथेत साकी व दिंडी हे शब्द ऐकू येतात. एक प्रवासी कीर्तनकार परमुलखात काही काळ राहिला आणि एका भाषेची लेणी दुसऱ्या भाषेच्या अंगावर कायमची चढली. ‘राहिला’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याचे कारण पुढे येईल.

नगरीची बैठक आणि गावची ओसरी

नारदीय कीर्तनाची मांडणी सर्वत्र एकच असते. प्रथम नमन, मग पूर्वरंगात एखाद्या पदाचे वा अभंगाचे निरूपण, मध्यंतरी नामघोष, तेव्हा बुवांस बुक्का लावून हार घालावयाचा, नंतर उत्तररंगात आख्यान आणि शेवटी आरती. परंतु पात्र बदलले, की पाण्याचा आकार बदलतो. पुण्याच्या नारदमंदिरात किंवा दादरच्या अखिल भारतीय कीर्तन संस्थेत श्रोता जाणता असतो. तेथे पूर्वरंगात वेदान्ताचा एखादा सूक्ष्म धागा अर्धा तास ताणला, तरी माना डोलतात. एखादी आर्या चुकली, तर पुढच्या रांगेतील आजोबा ती पुरी करून देतात. या नगरांनी कीर्तनास शिस्त दिली, विद्यालये दिली, त्यांचे ऋण मोठे आहे.

खेड्यातील श्रोता वेगळा. तो दिवसभर राबून आलेला असतो. त्यास सिद्धान्ताहून कथा प्रिय, आणि कथेत खोट असेल तर ती त्यास तत्काळ उमगते. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात कीर्तन करावयाचे, तर या मातीतील आख्याने पोतडीत हवीत. १६६१ मध्ये शिवछत्रपतींनी कारतलबखानाची फौज जेथे कोंडली, ती उंबरखिंड याच तालुक्यातील. तेथला प्रसंग रंगविताना खिंडीचे वर्णन करावेच लागत नाही, श्रोते ती रोज पाहतात. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करलेले भाई कोतवाल मूळचे माथेरानचे. त्यांचे आख्यान लावले, की मागच्या रांगेतील वृद्धांच्या डोळ्यांत पाणी तरळते. साजगावच्या विठोबाच्या कार्तिकातील यात्रेत तर सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो आणि देवासही लोक लाडाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. मिरचीच्या व्यापारानिमित्त तुकोबा या बाजी येत, अशी श्रद्धा येथे रुजलेली आहे. ज्या भूमीने देवाशी एवढी सलगी केली, तेथे कीर्तनकाराने पांडित्याचा फेटा थोडा सैल करूनच उभे राहावे.

या पट्ट्यास प्रवासी नवे नाहीत. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली. पुढे १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पुरा होईपर्यंत पुण्याकडे जाणारा वाटसरू खोपोलीस उतरून पालखीने वा तट्टावरून घाट चढे. त्याही पूर्वी नाना फडणविसांनी खोपोलीस तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधविले होते. वाटसरूस पाणी आणि देव दोन्ही मिळावेत, ही त्यांतील दृष्टी. आमच्या तरुणपणी आम्ही कर्जतहून खोपोलीची गाडी धरीत असू. पेटी एकाच्या डोक्यावर, तबला दुसऱ्याच्या काखेत. उतरल्यावर बैलगाडी मिळाली तर भाग्य. मुक्काम गावकऱ्यांच्या माजघरात, जेवण ज्या घरची पाळी असेल तेथे. संभावना म्हणून नारळ, उपरणे आणि पायलीभर तांदूळ. त्या तांदळाचा वास आजही स्मरतो.

गृत्समदाची कथा

महडास आख्यान बहुधा गृत्समदाचेच असते, कारण हे स्थान त्याच्या तपाचे. गणेशपुराणातील कथा अशी. मगधराजाच्या घरी श्राद्धप्रसंगी ऋषींचा मेळा जमला होता. तरुण गृत्समद तेथे वादास उभा राहिला, तेव्हा त्याच्या जन्माविषयी शंका घेऊन त्यास सभेत हिणविण्यात आले. घरी येऊन त्याने मातेस जाब विचारला. सत्य कळताच क्रोधाने त्याने मातेस शाप दिला, तू काटेरी बोर होशील. मातेनेही उलट शाप दिला. मग पश्चात्तापाने पोळलेला तो युवक अरण्यात गेला आणि विनायकाची घोर तपश्चर्या करू लागला. अखेर गजानन प्रसन्न झाले. गृत्समदाने ब्रह्मज्ञान मागितले आणि आणखी मागितले, की देवा, आपण याच वनी राहून येणाऱ्या सर्वांस वर द्यावा. तेच हे वरदविनायक.

आता वेदाकडे वळावे. ऋग्वेदाचे दुसरे मंडल गृत्समदकुलाचे. प्रत्येक मंगलकार्यारंभी आपण गणपतीस जी ऋचा म्हणतो, ती याच मंडलातील तेविसाव्या सूक्ताची पहिली. अनुक्रमणीनुसार तिची देवता ब्रह्मणस्पती आहे. पुढे परंपरेने ती गणपतीच्या चरणी वाहिली. अनुक्रमणी असेही सांगते, की गृत्समद मूळचा आंगिरस कुळातला, नंतर तो भार्गव झाला. ज्याच्या कुळाविषयी पुराणातील सभेने शंका घेतली, त्याच्याच मुखीची ऋचा आज घरोघरी प्रथम म्हटली जाते! राजसभेने ज्यास दूर लोटले, त्यास देव वनात भेटला. कीर्तनकाराने नगरे सोडून आडवाटेस का जावे, याचे उत्तर या एका कथेत आहे.

अपुरे राहिलेले आख्यान

आणि हीच कथा आमच्या हातून एकदा अपुरी राहिली. तो अपराध आज येथे सांगून टाकतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. याच तालुक्यातील एका लहान गावी माघी उत्सवाचे कीर्तन होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईस एका मोठ्या सभागृहात आमचे कीर्तन ठरलेले. द्रुतगती मार्ग नुकताच झाला होता, गाडी दाराशी उभी होती आणि आमचे अर्धे चित्त तिच्या चाकांत गुंतले होते. पूर्वरंग रंगला. उत्तररंगात माता-पुत्रांचे शाप झाले, गृत्समद वनात गेला. घड्याळात पाहिले, तो साडेदहा. आम्ही दोन वाक्यांत देव प्रसन्न केले, घाईने आरतीस हात घातला आणि फेटा सोडीत गाडीकडे निघालो.

वाटेत एक वृद्ध ठाकरीण उभी होती. डोंगरावरील वाडीतली, दिवसा वीटभट्टीवर राबणारी. कडेवर झोपाळलेला नातू. दोन वाक्ये मागे कोठे तरी आरतीच्या गलबल्यात विरून गेली असावीत. तिने विचारले, “बुवा, मंग त्या पोराला देव भेटला का नाय?”

आम्ही म्हणालो, “भेटला, बाई, भेटला.” आणि गाडीत बसलो.

मुंबईचे कीर्तन उत्तम झाले. शाल मिळाली, टाळ्या मिळाल्या. परंतु निरूपण करताना त्या माउलीचा प्रश्न मध्ये मध्ये उभा राही. दिवसभराचे श्रम करून, अंधारातून नातवास उचलून जी उतरली, तिला आम्ही वनवास दिला आणि वर मात्र दिला नाही. ज्या सभेने गृत्समदास परत पाठविले, तिच्यात आणि आमच्यात अंतर ते काय उरले?

पुढच्या माघात आम्ही न बोलावता त्या गावी गेलो. संभावना नको म्हणून सांगितले आणि तेच आख्यान पहाटेच्या दोनपर्यंत लावले. तप सांगितले, वर सांगितला, गजाननाचे रूप नखशिखान्त वर्णिले. डोळे मात्र मागच्या रांगेत तिला शोधीत होते. चौकशी केली, तेव्हा कळले, की ते कुटुंब दुसऱ्या भट्टीवर गेले, कोठे ते कुणास ठाऊक नव्हते. आमचे उत्तर तिला पोहोचले की नाही, हे आजही आम्हांस माहीत नाही. त्या दिवसापासून आम्ही दोन नियम पाळतो. आख्यान अपुरे सोडावयाचे नाही आणि गाव लहान असेल तर रात्रीचा मुक्काम तेथेच करावयाचा.

उजेडाची परतफेड

खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी, खोपोलीची वीज आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. हा तालुका शतकाहून अधिक काळ महानगरास उजेड पुरवीत आला आहे. आता द्रुतगती मार्गामुळे नगरवासी तास-दोन तासांत येथे येतात, शेतघरात सुटी घालवितात, महडचे दर्शन घेऊन परततात. यात गैर काही नाही, देवदर्शनाची सोय झाली हे इष्टच. परंतु वेगामुळे एक गोष्ट निसटली. येणारा येथे राहीनासा झाला. पूर्वी आम्हीही पंधरवडाभर या गावाहून त्या गावास फिरत असू. आज बुवा सायंकाळी येतो आणि मध्यरात्री आपल्या घरी असतो. रामचंद्रबुवा तंजावरास एक रात्र थांबून परतते, तर दक्षिणेस साकी-दिंडी लाभली असती काय?

म्हणून आमची नम्र विनंती आहे. यंदा आपण सहकुटुंब अष्टविनायकांस निघालात, तर महडास देव पाहून लगेच गाडीत बसू नये. सायंकाळी सभामंडपात वा जवळच्या गावी कीर्तन असेल, तेथे मुलाबाळांसह बसावे. आरती होईपर्यंत उठू नये. मध्यंतरी शेजारी बसलेल्या शेतकऱ्यास नाव-गाव विचारावे. कलेसाठी नगराने गावात यावे, गावाने नगरात जावे, परंतु दोघांनीही घटकाभर एकमेकांच्या ओसरीवर टेकावे. आणि आमच्या तरुण कीर्तनकार बंधुभगिनींस एवढेच सांगणे, की मोठ्या सभागृहाचे निमंत्रण अवश्य स्वीकारा, पण डोंगरावरून उतरून आलेल्या श्रोत्याचे आख्यान त्यासाठी तोडू नका.

या चतुर्थीस आम्ही पुन्हा त्याच वाटेने निघू. गृत्समदाचीच कथा लावू आणि वर मिळेपर्यंत सांगू. मागच्या रांगेत कदाचित एखादा तिशीकडे झुकलेला तरुण बसलेला असेल, जो कधीकाळी आजीच्या कडेवर झोपी गेला होता. त्यास उत्तर मिळो. श्रीवरदविनायक सर्वांस सद्बुद्धी, आरोग्य आणि थोडी सवड देवो, हीच प्रार्थना. शुभं भवतु.