कमी पाण्याची परसबाग: कोरफड, पानफुटी व त्यांचीं भावंडें

परसबाग म्हटली म्हणजे गुलाब, मोगरा, शेवंती आणि त्यांस पुरेल इतकें विहिरीचें पाणी, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. माण, खटाव, सांगोलें, जत या अवर्षणाच्या मुलखांत हें चित्र फाल्गुनापलीकडे टिकत नाहीं. आम्हीं तें पुष्कळ वर्षें हट्टानें टिकविलें. अखेर एका चैत्रांत आमच्या विहिरीला सकाळच्या चार बादल्यांपुरतेंच पाणी राहिलें, व त्यांपैकीं दोन बादल्या आम्ही गुलाबांस घालीत असूं. एके दिवशीं आमच्या कुटुंबानें बादली ओट्यावर आदळून विचारलें, "आधीं गुलाब प्यायचे, कीं गाय?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. वैशाख संपण्यापूर्वीं गुलाब गेले, व त्यांच्या जागीं कोरफड, पानफुटी, कांडवेल, त्रिधारी निवडुंग हीं मांसल अंगाचीं झाडें आलीं.

हीं झाडें चिवट खरीं. परंतु तीं कशानेंहि मरत नाहींत अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, तिनें आमचा पहिल्याच वर्षीं घात केला. गुलाबांच्या संवयीनें आम्हीं मळ्यांतील काळी माती आणवून वाफे भरले, पाटीपाटी शेणखत घातलें, प्रत्येक रोपाभोंवतीं आळें केलें. उन्हाळाभर रोपें टवटवीत दिसलीं. श्रावणांत, एखाद्या वर्षीं लागते तशी, आठ दिवसांची झड लागली आणि कोरफडीचीं पानें शिजविल्यासारखीं पिवळीं पडून बुडाशीं लिबलिबीत झालीं. बावीस रोपांपैकीं एकहि वांचलें नाहीं. नवल असें कीं, जागा न उरल्यामुळें पांच-सहा पिलें आम्हीं गोठ्यामागें पडक्या भिंतीच्या दगडविटांच्या ढिगावर फेकून दिलीं होतीं. तीं मात्र त्याच पावसांत मुळें धरून उभीं होतीं. तेव्हांपासून आम्ही त्या ढिगाची नक्कल करीत आहों.

ती अशी. दोन भाग मुरूम, एक भाग जाडी वाळू, अर्धा भाग विटांचा चुरा, व रोपामागें ओंजळभर जुनें, पुरतें कुजलेलें खत. वाफा भोंवतालच्या जमिनीहून निदान एक वीत उंच असावा व त्यास एका अंगाला उतार द्यावा. आळें मुळींच करूं नये; उलट, बुडाशीं माती कासवाच्या पाठीसारखी ठेवावी. कुंडी असेल तर तळाच्या भोंकावर खापरी ठेवावी, आणि पाणी सांचणारी ताटली खालीं घालूं नये. पावसाळ्यांत महिना कोरडा गेल्याखेरीज वरून थेंबहि देऊं नये. हिवाळ्यांत महिन्यांतून एकदोनदां व कडक उन्हाळ्यांत दहापंधरा दिवसांनीं एकदां पाणी पुरे. मातींत दोन पेरें बोट खुपसून पाहावें, आणि ओल लागली तर तांब्या तसाच परत न्यावा. हें परत नेणेंच फार जड जातें, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

फांटा तोडून लगेच मातींत खोंचणें ही दुसरी चूक. ओल्या जखमेंतून कूज शिरते. धारदार, स्वच्छ सुरीनें तुकडा काढून सावलींत चार ते आठ दिवस ठेवावा, कापाच्या तोंडावर कोरडी खपली धरली म्हणजे लावावा, आणि पुढें आठवडाभर पाणी देऊं नये. कोरफडीचीं बुडाशीं येणारीं पिलें मुळांसकट सोडवावीं. पानफुटीला तर एवढीहि खटपट नाहीं. पान कोरड्या मातीवर आडवें ठेविलें कीं त्याच्या कडेच्या खांचांतून रोपें फुटतात.

इतक्या थोड्या पाण्यावर हीं झाडें जगतात कशीं? बहुतेक झाडें आपलीं पर्णरंध्रें दिवसा उघडतात व त्यांतून पुष्कळ पाणी वाफ होऊन जातें. कोरफड, पानफुटी, निवडुंग हीं रंध्रें मुख्यत्वें रात्रीं उघडतात, त्या वेळीं घेतलेला कर्बाम्लवायु आंबट रसाच्या रूपानें सांठवितात, आणि दिवसा दारें लावून घेऊन त्या सांठ्यावर अन्न करितात. या गोष्टीचा एक जुना दाखला आपल्याच देशाशीं निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत मद्रासेकडे वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन हाईन यानें १८१३ सालच्या एका पत्रांत लिहिलें कीं, पानफुटीचें पान सकाळीं आंबट लागतें आणि दुपारीं बेचव होतें. लंडनच्या लिनियन सोसायटीनें तें १८१५ सालीं छापलें. वाचकांस पडताळा पाहावयाचा असेल तर पान जिभेस लावून लगेच थुंकावें, गिळूं नये. ही वनस्पति गुरांच्या हृदयास बाधते. म्हणून गाय-शेळीचें तोंड पोंचेल अशा जागीं ती लावूं नये.

शेर आणि त्रिधारी निवडुंग यांच्या चिकाविषयीं याहून अधिक जपावें. तो डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते व दृष्टीस धोका पोंचतो. तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा व वैद्याची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. लहान मुलें असलेल्या घरीं हीं दोन झाडें परसांत नकोत, कुंपणाच्या बाहेरच्या अंगास बरीं. घायपाताचीहि तीच गोष्ट. त्याच्या टोंकाचा कांटा सुईसारखा असतो आणि रसानें अंगास खाज सुटते. पुष्कळ जण त्यास मोठी कोरफड समजून घरीं आणतात. पान मोडून पाहावें: वाख निघाला तर घायपात, नुसता गर निघाला तर कोरफड. कोरफडीच्याहि सालीखालचा पिवळा कडू रस, ज्याचा वाळवून काळा बोळ करितात, जबर रेचक आहे. गर काढण्यापूर्वीं पान उभें धरून तो निथळूं द्यावा.

फुलांवांचून परस ओकें दिसतें, अशी घरांत कुरकुर झाली, तेव्हां आम्हीं वाफ्याच्या कडेनें चिनी गुलाब लावला. यास कित्येक ठिकाणीं 'ऑफिस टाइम' म्हणतात. ऊन वर आलें कीं उमलतो, दुपारीं मिटतो. कचेरी सुटल्यावर ही वेळ पुन्हां आमच्या दारीं आली, याची घरांत थट्टा होते. उन्हाळ्यांत त्यास इतरांहून थोडें जास्त पाणी लागतें.

एक दक्षता मात्र सर्वांनीं घ्यावी. छाटलेले तुकडे बांधापलीकडे भिरकावूं नयेत. परदेशांतून आलेल्या फड्या निवडुंगानें एके काळीं रानेंच्या रानें व्यापलीं होतीं. १७९५ सालीं किरमिजी रंगासाठीं म्हणून आणलेला एक किडा भलत्याच जातीचा निघाला, रंग कांहीं मिळाला नाहीं, पण निवडुंगाच्या एका जातीचा त्यानें फडशा पाडला. दुसऱ्या जातीसाठीं १९२६ सालीं सिंहलद्वीपाहून निराळा किडा आणावा लागला. तेव्हां तुकडे तापल्या दगडावर पुरते वाळवावे, मगच खड्ड्यांत पुरावे.

आमच्या ढिगावर कोरफडीचीं पिलें आतां दाटी करूं लागलीं आहेत. ज्या सभासदांस पाहिजे असतील त्यांनीं दिवाळीनंतर पोतें घेऊन यावें. पावसाळ्यांत कृपा करून कोणी मागूं नयेत, आम्ही देणार नाहीं.