‘पाळीव’ या शब्दाची मर्यादा

गृहसंकुलातील ‘पाळीव प्राण्यांस मनाई’ हा नियम दिव्यांग बालकाच्या साहाय्यक श्वानास लागू होतो काय? नांदेड वा लातूर येथे हा प्रश्न उद्भवल्यास प्रथम शब्दच तपासावा. ‘कोरीव’, ‘आखीव’ यांप्रमाणे ‘पाळीव’ मधील ‘-ईव’ प्रत्यय क्रियेचे कर्म दर्शवितो. साहाय्यक श्वान मात्र कर्ता होय: पट्ट्याने त्याच्याशी जोडलेले स्वमग्न मूल रस्त्याकडे धावू लागताच तो पाय रोवून त्यास थोपवितो. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकाने सरसकट बंदी अमान्य केली. परंतु तो आधार श्वान पाळणाऱ्याचा झाला. मुलाचा आधार निराळा व अधिक बळकट आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात इतरांवर अवाजवी भार न टाकता आवश्यक फेरबदल करण्याचे तत्त्व आहे. चाकाची खुर्ची दारात अडवू नये, तसाच हा श्वानही.