स्टारला आत कोण आणतं?

मंडईत दहीहंडीच्या रात्री नीट बघा. सगळे मोबाइल वरच्या दिशेला वळलेले असतात. सगळ्यात वरच्या पोराने हंडीला हात घातला की स्पीकर फुटायचा बाकी राहतो, आणि रीलसुद्धा त्याचीच होते. खालच्या थरातले मात्र एकमेकांच्या खांद्यांत हात गुंतवून, तोंडं आत करून उभे असतात. त्यांना हंडी दिसतही नाही. फुटली हे त्यांना कळतं ते अंगावर दही सांडल्यावर.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पण हीच मंडळी मॅच बघायला बसली की सूर बदलतो. ‘एकटा काढतो रे तो! बाकीचे नुसते भरतीला आहेत.’ मंडईला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणायची पुण्याची जुनी पद्धत आहे, कारण निवडणुकीपासून क्रिकेटपर्यंत सगळ्याचा निकाल इथल्या कट्ट्यांवर आधी लागतो. त्या विद्यापीठातला हा कायमचा पेपर: सुपरस्टार किती स्वतःच्या जोरावर असतो, आणि किती टीमच्या?

हा पेपर सोडवायला दहीहंडी पुरत नाही. वरचं पोर हलकं असतं म्हणून वर जातं. सुपरस्टार इतरांपेक्षा खरंच भारी असतो म्हणून सुपरस्टार होतो, हे आधीच मान्य करून टाकू. मग त्याला टीम लागते ती नेमकी कशाला? याचं उत्तर कबड्डीच्या एका नियमात आहे. तुम्ही तो लहानपणापासून खेळलाय, फक्त त्याकडे या नजरेने पाहिलं नसेल.

चढाईला गेलेला गडी पकडला गेला की तो बाद. तो बाहेर जाऊन बसतो. तो कितीही मोठा असो, स्वतःच्या कर्तबगारीवर परत आत येऊ शकत नाही. त्याच्या टीममधल्या दुसऱ्या कुणीतरी समोरचा गडी बाद करायचा, तेव्हा बाहेर बसलेल्यांपैकी एक जण आत येतो, आणि तोही ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने. बोनसचा पॉइंट फळ्यावर चढतो, पण त्याने कुणी जिवंत होत नाही. जुन्या खेळाडूंकडे या प्रकाराला सुंदर नाव आहे: संजीवनी. पूर्वी कबड्डीचे आणखी दोन प्रकारही होते. ‘गामिनी’त बाद झालेला गडी पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहायचा, आणि ‘अमर’मध्ये बाद झाला तरी मैदानातच राहायचा, फक्त समोरच्याला गुण मिळायचा. आज आपण टीव्हीवर बघतो ती संजीवनी.

आता हिशेब करा. सामना 40 मिनिटांचा, एक चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची. स्टार पाच मिनिटं बाहेर बसला तर दोन्ही बाजूंच्या मिळून निदान दहा चढाया त्याच्याशिवाय होतात. समोरचा कोच तेवढ्याचसाठी टपलेला असतो. टीममध्ये एकच धोकादायक गडी असेल तर त्याचं काम सोपं होतं: त्याला एकदा खाली पाडा आणि मग आरामात खेळा. बाकीच्यांना पॉइंट काढता येत नसेल, तर कोट्यवधींचा खेळाडू बाकावर बसून टाळ्या वाजवतो.

हे नुसतं पुस्तकी गणित नाही. पवन सेहरावतचंच घ्या. 5 जानेवारी 2019. प्रो कबड्डीच्या सहाव्या सीझनची फायनल. पवनने एकट्याने 22 पॉइंट काढले आणि बेंगळुरू बुल्सने गुजरातला 38-33 असं हरवलं. ‘एकटा काढतो’ म्हणायला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. मग 2022 मध्ये तमिळ थलायवाजनी त्याला 2 कोटी 26 लाख 50 हजारांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली आणि सीझन तिथेच संपला. टीम कोसळायला हवी होती ना? नरेंदरसारखी नवी पोरं उभी राहिली आणि थलायवाज पहिल्यांदाच सेमीफायनलला पोहोचले. तिथे त्यांना 39-37 असं हरवलं ते आपल्या पुणेरी पलटणने.

पुढच्या सीझनला तेलुगू टायटन्सनी पवनसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. तोपर्यंतची लीगमधली ती सगळ्यात मोठी बोली होती. पवन पूर्ण सीझन खेळला, कॅप्टन होता, चढाईचे 200 हून जास्त पॉइंट त्याने काढले. टायटन्सनी 22 पैकी जिंकले फक्त 2 सामने, आणि टीम तक्त्यात तळाला राहिली. गडी तोच, ताकद तीच. मग बदललं काय? तो बाहेर गेल्यावर त्याला परत आत आणणारे हात.

त्याच दहाव्या सीझनला तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? पुणेरी पलटण. 22 पैकी 17 जिंकले आणि गेले फक्त 2. चढाईच्या पॉइंटच्या यादीत पहिला नंबर पुण्याच्या कुणाचा नव्हता, कारण पॉइंट वाटले जात होते. कॅप्टन अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. एकाला पाडलं तर दुसरा यायचा, दुसऱ्याला पाडलं तर तिसरा. 1 मार्च 2024 ला हैदराबादला फायनलमध्ये हरियाणा स्टीलर्सविरुद्ध टीममध्ये सर्वाधिक 9 पॉइंट काढले ते पंकजने, त्यातले चार एकाच चढाईत. निकाल 28-25, पुण्याचं पहिलं विजेतेपद. आता पुण्याने पैसा ओतला नव्हता असं नाही. इराणचा मोहम्मदरेझा शादलू 2 कोटी 35 लाखांना आणला होता. पण तो मुख्यतः पकड करणारा, आणि प्रत्येक यशस्वी पकड बाहेर बसलेल्या आपल्या गड्याला आत आणते. पुण्याने सगळ्यात मोठी रक्कम मोजली ती संजीवनी देणाऱ्यासाठी!

तुम्ही म्हणाल, हा कबड्डीचा नियम झाला. बास्केटबॉलमध्ये स्टार बाद होत नाही, म्हणजे तिकडे ‘अमर’ चालतं. बरोबर. तिथे तर एकट्याने काढता यायला हवं. मायकल जॉर्डनने प्रयत्न केला होता. 20 एप्रिल 1986 ला, प्लेऑफ्समध्ये बोस्टनविरुद्ध त्याने 63 पॉइंट केले. शिकागो बुल्स तो सामना 135-131 असा हरले आणि मालिका 3-0 अशी गेली. 1984 ला लीगमध्ये आलेल्या जॉर्डनला पहिलं विजेतेपद मिळालं 1991 मध्ये, सातव्या सीझनला. मधल्या काळात स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँट आले, फिल जॅक्सन कोच झाला, आणि चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायला लागला.

1993 च्या फायनलचा सहावा सामना तर यूट्यूबवर बघाच. शेवटच्या क्वार्टरमध्ये बुल्सचे फक्त 12 पॉइंट झाले. पहिले 9 सगळे जॉर्डनचे. चार सेकंद उरली असताना बुल्स मागे होते, आणि चेंडू पिपेनकडून ग्रँटकडे, ग्रँटकडून बाहेर उभ्या जॉन पॅक्सनकडे गेला. थ्री-पॉइंटर, आणि 99-98. इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या स्टारला तिसरी ट्रॉफी मिळवून देणारा शॉट दुसऱ्याच कुणाचा होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मंडई विद्यापीठात आपण नापास. पुढच्या सीझनला जॉर्डन निवृत्त होऊन बेसबॉलकडे गेला. त्याच्यासह बुल्सनी 57 सामने जिंकले होते, त्याच्याशिवाय 55. फरक फक्त दोनचा! पण प्लेऑफ्सच्या दुसऱ्या फेरीत ते न्यूयॉर्ककडून हरले आणि ट्रॉफी गेली. चांगली टीम स्टारशिवाय बरंच लांब जाते, पण शेवटची पायरी चढायला तो लागतोच. आणि तो कितीही मोठा असला तरी त्या पायरीपर्यंत स्वतःला एकटा उचलून नेऊ शकत नाही. म्हणून टक्क्यांचं भांडणच चुकीचं आहे. शिडीला वरची पायरी किती टक्के लागते, असं कुणी विचारत नाही.

आता हे तुमच्या कॉलेजवर आणा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निघालेल्या बहुतेक टीममध्ये ‘तो’ एक असतोच. प्रॅक्टिसला सगळे चेंडू त्यालाच, सगळ्या चढाया त्यालाच. तो वर्षभर खेळतो आणि बाकीचे वर्षभर बघतात. मग फायनलला तो पाडला जातो किंवा त्याचा घोटा मुरगळतो, आणि ज्याला वर्षभरात धड पाच चढाया मिळाल्या नाहीत त्याच्याकडे सगळे बघतात. तो घाबरतो. ‘याला काही जमत नाही’ हे सिद्धही होऊन जातं. पण त्याला न जमण्याची प्रॅक्टिस कुणी दिली? आणि जो स्टार आहे त्याचंही यात भलं नाही. सगळं ओझं एकाच गुडघ्यावर टाकलं की तो गुडघा किती सीझन टिकणार?

तुम्ही कॅप्टन असाल तर पुढच्या प्रॅक्टिसला एक करा. तुमच्या सगळ्यात भारी गड्याला दहा मिनिटं बाहेर बसवा आणि इतरांना सांगा, ‘याला आत आणा.’ ते स्टार असाल तर स्वतःहून बाहेर बसा. आणि तुम्ही सातवे गडी असाल, ज्याचं नाव कॉमेंटेटरच काय, वर्गातली पोरंही घेत नाहीत, तर त्या दहा मिनिटांची वाट बघू नका. मागून घ्या.