नव्या वकिलाचीं पहिलीं वर्षें

घरांतील मुलानें अगर मुलीनें कायद्याची पदवी घेऊन सनद मिळविली म्हणजे वडील मंडळींस आनंद होतोच. परंतु मिळकत केव्हां सुरू होणार, ही काळजीहि त्याबरोबर येते. हल्लींच्या दिवसांत ती अधिकच वाढली आहे. 1 जुलै 2024 पासून 1860 ची दंडसंहिता जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. दावे संगणकावरून दाखल होऊं लागले. अर्जाचा मसुदा यंत्र क्षणांत लिहून देऊं लागलें. मग या धंद्यांत मुलांनीं पडावें काय? आमचें मत असें कीं, अवश्य पडावें. मात्र एखाद्या मुलखाचे कागद आणि माणसें यांची खरी ओळख करून घेण्याची तयारी असावी, आणि तोंवर घरानें धीर धरावा.

उदाहरणादाखल नव्या मुंबईतील करावे हें खाडीकांठचें आगरी-कोळी वस्तीचें गांव घेऊं. 17 मार्च 1970 रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि तत्कालीन ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील 95 गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं संपादन करण्याचें ठरलें. करावे त्यांपैकींच एक. शेतीच गेली तेव्हां शेतीचे दावेहि संपले, असें वरवर पाहणारास वाटलें असतें. घडलें तें उलट. मोबदला अपुरा वाटल्यास 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या 18 व्या कलमान्वयें प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी करतां येई; पण निवाड्याच्या वेळीं हजर असलेल्यास मुदत अवघी सहा आठवड्यांची! ही मुदत वेळेवर सांगणारा वकील भेटणें अगर न भेटणें, यावर कुटुंबाचें नुकसान ठरे. पुढें 1984 च्या दुरुस्तीनें 28-अ हें कलम आलें. त्याच अधिसूचनेंतील दुसऱ्या कोणास न्यायालयानें वाढीव मोबदला दिला, तर मागें राहिलेल्यासहि तीन महिन्यांत तसा अर्ज करण्याची सोय झाली. येथेंहि मुदत आलीच.

याच मुलखांतील जासईचे दि. बा. पाटील हे पेशानें वकील. जानेवारी 1984 मधील त्यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत गोळीबार होऊन पांच जण प्राणांस मुकले. त्या लढ्याचें फळ म्हणून प्रकल्पग्रस्तांस साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. भूखंड आले तशी वारसांची वांटणीहि आली. 2005 च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यासाठीं वडील त्या दिवशीं हयात असण्याची गरज नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 11 ऑगस्ट 2020 रोजीं ठरविलें. बहिणीस वगळून केलेली वारसनोंद पुढें किती घरें फोडील, हें अनुभवी वकिलास सांगावयास नको. सारांश, काळ पालटला म्हणून काम सरत नाहीं. त्याचें रूप बदलतें.

तथापि तें काम हातीं येईपर्यंत पोटाची व्यवस्था काय? डॉ. आंबेडकरांनीं 1923 सालीं मुंबईस वकिली सुरू केली. परदेशांतील मोठमोठ्या पदव्या पदरीं असूनहि आरंभीं मिळकत बेताचीच होती. 1925 पासून 1928 पर्यंत ते बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकवीत. नंतर सरकारी लॉ कॉलेजांत अध्यापक झाले आणि 1935 सालीं तेथेंच प्राचार्य. जोडीला शिकविणें यांत कमीपणा नाहीं. शिकवितांना आपलाच कायदा पक्का होतो.

तरुण वकिलांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. सातबारा, फेरफार व गांवठाणाचे नकाशे स्वतः वाचण्यास शिकावें. मुदतींची वही रोज पाहावी. यंत्रानें पुरविलेला निवाडा मुळांत वाचल्यावांचून न्यायालयापुढें ठेवूं नये. असे दाखले कधीं कधीं अस्तित्वांतच नसतात. आणि मोबदल्यांत हिस्सा मागण्याच्या मोहास बळी पडूं नये. निकालावर अवलंबून फी ठरविणें अगर मिळालेल्या रकमेंत वांटा घेणें बार कौन्सिलच्या नियमांनीं वर्ज्य केलेलें आहे; शिवाय ज्या गांवांत एकदां विश्वास गेला, तेथें तो पुन्हां येत नाहीं.

वडील मंडळींसहि एक विनंति. तीन-चार वर्षें घरखर्चाचा भार त्याच्यावर टाकूं नये, आणि नोकरींत शिरलेल्या चुलतभावाच्या पगाराशीं त्याची तुलना जेवतांना तरी करूं नये. सून वकील असेल, तर तिलाहि हाच न्याय लावावा. स्त्रियांस या धंद्याचें दार 1923 च्या कायद्यानें मोकळें झालें, पण घरचें दार मोकळें ठेवणें कुटुंबाच्याच हातीं आहे. पोटाच्या घाईनें वाईट काम पत्करण्याची पाळी ज्या वकिलावर आली नाहीं, तोच पुढें अशिलाला खरी सल्ला देऊं शकतो.